झाकलेले पान आणि सर्वज्ञ प्रेक्षक : पोकरच्या दूरचित्रवाणी-संकलनाविषयी

कथनमीमांसेचा अभ्यास आपल्याकडे प्रायः कथा-कादंबरीच्या अंगाने होतो. निवेदक किती जाणतो, पात्र किती जाणते, वाचकाला केव्हा आणि किती सांगितले जाते, हे तिचे मूलभूत प्रश्न होत. हेच प्रश्न दूरचित्रवाणीवर दाखवल्या जाणाऱ्या एका पत्त्यांच्या खेळाला लावून पाहिले असता काय हाती लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय वाङ्मयबाह्य वाटण्याचा संभव आहे. परंतु जयसिंगपूरसारख्या बाजारपेठेच्या गावातही विद्यार्थ्याच्या कथनविषयक अपेक्षा आज पुस्तकापेक्षा पडद्यावरच अधिक घडतात, ही वस्तुस्थिती शिकवणाऱ्याला नाकारता येत नाही.

पोकरच्या ‘होल्डेम’ या प्रचलित प्रकारात प्रत्येक खेळाडूला दोन पाने झाकलेली मिळतात व पाच पाने टप्प्याटप्प्याने सर्वांसमोर उघडली जातात. प्रतिस्पर्ध्याची दोन पाने न कळणे हाच या खेळाचा प्राण. म्हणूनच तो मुळात प्रेक्षणीय नाही. सुरुवातीलाच जोडी हाती येण्याचा योग सरासरीने १७ डावांत एकदा येतो; बहुतेक डावांत बहुतेक खेळाडू पाने टाकून देतात आणि बसून राहतात. कॅमेऱ्याला दिसणार ते चेहरे आणि चकत्यांचे ढीग.

ही स्थिती पालटली ती कॅमेरा झाकलेल्या पानापर्यंत पोहोचला तेव्हा. अशा व्यवस्थेचे अमेरिकी पेटंट हेन्री ओरेनस्टाइन यांना १९९५ साली मिळाले. ब्रिटनच्या ‘चॅनेल फोर’वरील ‘लेट नाइट पोकर’ या कार्यक्रमात १९९९ मध्ये टेबलात बसवलेल्या काचेखालून पाने दाखवली गेली. २००३ च्या सुमारास अमेरिकन वाहिन्यांनी ती पद्धत रूढ केली आणि प्रत्येकाच्या जिंकण्याच्या संभवाची टक्केवारीही पडद्यावर येऊ लागली. खेळाडू अज्ञानातच राहिला. प्रेक्षक मात्र सर्वज्ञ निवेदकाच्या शेजारी जाऊन बसला.

याचे ठळक उदाहरण २००३ च्या ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’मधील आहे. ख्रिस मनीमेकर हा टेनेसी राज्यातील लेखापाल आणि सॅम फरहा हा मुरलेला खेळाडू, असे दोघेच अखेरीस उरले होते. एका डावात फरहाच्या हाती नव्व्यांची जोडी होती. मनीमेकरच्या हाती जोडीसुद्धा नव्हती. तरीही मनीमेकरने आपल्या सर्व चकत्या पुढे सारल्या. फरहाने विचार केला आणि पाने टाकली. सभागृहात बसलेल्याला यात एक माणूस थांबला व मागे सरला, एवढेच दिसणार. घरच्या प्रेक्षकाला मात्र हूल देणारा आणि हुलीला फसणारा एकाच वेळी दिसतात. नाट्यशास्त्रात ज्याला नाट्यात्म उपरोध म्हणतात तो येथे लेखकाने नव्हे, संकलकाने निर्माण केला आहे. पटाईत माणसाचे मौन आता पराभवाचे मौन म्हणून वाचले जाते. एकच निर्विकार चेहरा शेजारच्या चित्रानुसार वेगळा भासतो, हे कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाने पूर्वीच दाखवले होते. पोकरमध्ये ते शेजारचे चित्र म्हणजे दोन पाने.

दुसरा प्रश्न काळाचा. अनेक दिवसांच्या खेळातून निवडक डाव तेवढे घेतले जातात. आपल्याकडे खासबाग मैदानात कुस्ती पाहणाऱ्याला पकड जमेपर्यंतची खडाखडी सोसावी लागते. किंबहुना त्या सोसण्यातच त्याचे जाणकारपण तयार होते. पोकरचा संकलक खडाखडी कापून केवळ डाव दाखवतो. हा संकोच पुढे स्पर्धेवरच उलटला. २००८ ते २०१६ या काळात अंतिम नऊ खेळाडू ठरल्यावर खेळ काही महिने थांबवला जाई, कारण आधीचे भाग संकलित होऊन दाखवले जाणे आवश्यक होते. कथनासाठी घटनेनेच वाट पाहावी, असे उदाहरण कथनमीमांसेच्या ग्रंथांतही सहसा आढळणार नाही.

आपल्या परंपरेतील द्यूतकथन येथे तुलनेस घेण्याजोगे आहे. सभापर्वातही ऐकणारा सर्वज्ञच असतो. युधिष्ठिराला द्यूताची आवड आहे पण ते खेळता येत नाही, हे शकुनीने दुर्योधनाला आधीच सांगितलेले असते. संक्षेपही तेथे आहे: पणाचे वर्णन विस्ताराने येते आणि फासा एखाद्या श्लोकात पडून जातो. हेही संकलनच. पण महाभारतकाराने कात्री लावली ती खेळाच्या कौशल्याला; हरणाऱ्याचे हरणे त्याने कोठेही कापले नाही. भाऊ, स्वतः, आणि अखेरीस द्रौपदी, या क्रमात एकही पायरी गाळलेली नाही. म्हणून श्रोत्याचे सर्वज्ञत्व त्याला भयाकडे व करुणाकडे नेते.

दूरचित्रवाणीच्या पोकरमध्ये याच्या नेमके उलट घडते. २००३ च्या त्या मुख्य स्पर्धेत ८३९ जण होते. म्हणजे ८३८ हरले. त्यांतील फारच थोड्यांना पडद्यावर हरण्यापुरती तरी जागा मिळाली. पुढच्याच वर्षी स्पर्धकांची संख्या २,५७६ झाली आणि २००६ मध्ये ८,७७३. संगणकावरून प्रवेश मिळवण्याची सोय हे त्याचे एक मोठे कारण. स्वतः मनीमेकरही त्याच वाटेने आला होता. तथापि संकलनाचा वाटाही कमी लेखता येणार नाही. दोघांचीही पाने दिसत असताना ‘येथे याने थांबायला हवे होते’ असे म्हणणे सोपे असते, आणि प्रेक्षक त्या सोपेपणालाच स्वतःचे कौशल्य समजतो. आपल्याकडे पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. तोवर त्यांच्या जाहिराती याच समजावर चालत होत्या, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

२०११ पासून अंतिम फेरी अल्प विलंबाने, जवळजवळ अखंड दाखवण्याचाही प्रयोग झाला. अशा अखंड चित्रणाचा अर्धा तास पदव्युत्तर वर्गात दाखवला असता दहाव्या मिनिटाला मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, खेळ सुरू कधी होणार?” तो तेव्हा सुरूच होता.