आंबटाचे पथ्य

मुक्काम नांदेड,
कार्तिक वद्य दशमी

चिरंजीव बाळ यास मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. आईच्या गुडघ्यांचा आणि कंबरेचा ठणका थांबत नाही म्हणून लातुरात तू तिला तीन दवाखाने दाखविलेस, चौथ्या ठिकाणाहून पुष्टीची महागडी भुकटी आणलीस, आणि एवढ्यानेही गुण येईना तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सांगण्यावरून दही, ताक, लिंबू आणि चिंच हे सारे जिन्नस 'वात खवळतो' या एका सबबीवर घरातून हद्दपार केलेस, हे वाचून तुझ्या मातृभक्तीविषयी मला जितका संतोष वाटला तितकीच तुझ्या या पथ्याविषयी काळजी वाटली. कारण हाच हुकूम पूर्वी एका गृहस्थाने माझ्यावर बजावला होता, आणि तो मी तीन वर्षे बिनतक्रार पाळला.

तुझी आई लग्नानंतर पस्तीस वर्षे किनवट तालुक्यात राहिली, ही गोष्ट तू एकाही डॉक्टरला सांगितल्याचे पत्रात दिसत नाही. गुडघेदुखीची कारणे अनेक असतात आणि प्रत्येकाची दुखणी एकाच खात्यावर मांडणे हा अडाणीपणा होय, हे मी जाणतो. परंतु जिने आयुष्याचा अर्धा भाग त्या मुलखातील हापशाचे पाणी प्यायले, तिच्या हाडांचा जाबजबाब त्या पाण्यापासूनच सुरू व्हायला हवा.

किनवट 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते. राज्यपुनर्रचनेत ते नांदेडकडे आले. आपला दक्खनचा काळा पाषाण त्या बाजूस संपत जातो आणि त्याच्या खालचा जुना कणदार खडक वर येतो. या खडकातील काही खनिजांत फ्लोराईड असते, आणि पाणी जितके खोल व जितके दिवस त्यात मुरलेले, तितके फ्लोराईड त्या पाण्यात अधिक उतरते. 1972 च्या दुष्काळानंतर गावोगाव विंधनविहिरी झाल्या, आड ओस पडले, आणि हापशाचे थंड, नितळ, रोगजंतूविरहित पाणी ही सरकारची मोठी मेहेरबानी आम्ही मानली. ती खोटी होती असेही नाही, कारण पटकी त्यामुळे पुष्कळच हटली. मी तेव्हा त्याच तहसिलीत नोकरीस होतो. पोरांच्या दातांवरच्या पिवळ्या-तपकिरी रेघा आम्ही तंबाखूच्या खात्यात जमा करीत असू आणि चाळिशीतल्या माणसाचे वाकलेले कंबरडे शेतकामाच्या. पुढे अव्वल कारकून झाल्यावर एके दिवशी फेरफाराची नोंदवही वाचताना माझी हनुवटी छातीला टेकेना, आणि टेबलाखाली पडलेली लेखणी उचलण्यास शिपायाला हाक मारावी लागली, तेव्हा कोठे फ्लोराईडच्या या रोगाने माझ्याही नावाचा सातबारा उघडला असल्याचे ध्यानात आले. मान खाली घालणे, गुडघे न वाकविता पायाचे अंगठे धरणे आणि दोन्ही हात मानेमागे नेणे या तीन गोष्टी आईला जमतात का, एवढे आज संध्याकाळीच पाहून ठेव.

या रोगाची गंमत, म्हणजे खरे तर क्रूरता, अशी की हाड झिजत नाही, ते वाढते. ज्या ठिकाणी हाड नसावे तेथे, सांध्यांना बांधणाऱ्या बंधांतसुद्धा, चुना साठतो, आणि माणूस जिवंतपणी आखडत जातो. आपल्या देशात 1937 साली मद्रास इलाख्यातील नेल्लोरकडच्या रुग्णांवरून त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. 1973 साली हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या वैद्यांनी नलगोंड्याकडील मुलांचे गुडघे आत वळलेले पाहून त्यावर निबंध लिहिला. आणि पुढे त्याच संस्थेत असे दिसून आले की पाण्यातले फ्लोराईड तेवढेच असले तरी भात खाणाऱ्यापेक्षा ज्वारी खाणाऱ्याच्या शरीरात ते अधिक अडकून राहते. हे प्रथम वाचले तेव्हा मला आपल्याच घरातल्या माणसाने फितुरी केल्यासारखे वाटले होते. ज्वारी म्हणजे आपला मराठवाडा! तिच्या भाकरीवर आपले पूर्वज निजामाची सारी फर्माने पचवून उभे राहिले.

पण म्हणून तू आईच्या ताटातली भाकरी काढून भात वाढावास असे माझे म्हणणे मुळीच नाही. फितुरी ज्वारीने केली नाही, तिला आपण एकटी पाडली. पोषण संस्थेच्याच जुन्या कोष्टकांत शंभर ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम अवघे 25 मिलिग्रॅम दिलेले आहे, तर तेवढ्याच गाईच्या दुधात 120, कोकणातल्या नाचणीत 344, शेवग्याच्या पाल्यात 440 आणि तिळात 1450. आता या आकड्यांचा संबंध ध्यानात घे. पोटात गेलेल्या फ्लोराईडला तेथेच कॅल्शियम भेटले तर दोघांचा असा संयोग होतो की तो रक्तात सहजासहजी शिरत नाही, बराचसा बाहेर पडतो. कॅल्शियम भेटले नाही तर फ्लोराईड विनाअडथळा हाडांपर्यंत पोचते. तेव्हा ज्याच्या ताटात कोरडी भाकरी, मिरचीचा ठेचा आणि वर हापशाचे पाणी, त्याच्या दाराला कडीच नाही; आणि वाताच्या भयाने दूध-दही सोडणारा मनुष्य असलेली कडीही आपल्या हाताने काढून टाकतो. माझी ती तीन वर्षे अशीच गेली.

आपल्या वाडवडिलांना हे शास्त्र ठाऊक नव्हते, परंतु त्यांच्या चुलीला काही एक शहाणपण होते. येळवसेची, म्हणजे वेळ अमावास्येची, आंबील आठव. ज्वारीचे पीठ ताकात आंबवून केलेली ती आंबील आपण वर्षातून एकदा, शेतात, कोपीची पूजा झाल्यावर माठ रिकामे होईपर्यंत पितो आणि मग वर्षभर तिचे नावही काढीत नाही. ज्वारीला जे उणे आहे ते ताकाने भरून काढणारे हे पक्वान्न आईला रोज सकाळी वाटीभर दिलेस तर तुझ्या त्या भुकटीच्या डब्याची किंमत वाचेल. जोडीला तीळही दे, मात्र ते पॉलिश केलेले, पांढरेशुभ्र आणू नकोस. त्यांची साल गेली की कॅल्शियमचा मोठा हिस्सा सालीबरोबर जातो.

आता चिंचेविषयी, जिच्यावर तुझा विशेष राग दिसतो. राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी शाळकरी मुलांना अठरा दिवस रोज दहा ग्रॅम चिंच खाऊ घातली, तेव्हा त्यांच्या लघवीवाटे बाहेर पडणारे फ्लोराईड वाढले. हा निष्कर्ष 2002 साली प्रसिद्ध झाला. प्रयोग लहान होता, आणि त्याने कोणाचा ठणका गेला असे त्यात म्हटलेले नाही, ही गोष्ट मी तुझ्यापासून लपवीत नाही. तथापि ज्या पदार्थाविरुद्ध दाखला काहीच नाही आणि बाजूने थोडका तरी आहे, त्याला तडीपार करण्याचा अधिकार तुला कोणी दिला? आमटीत चिंच घाल, जेवणाबरोबर लिंबाची फोड ठेव, आवळ्याच्या दिवसांत आवळा आण. वर्ज्य करावयाचेच असेल तर काळे मीठ, ते घातलेली चूर्णे, सुपारी आणि दिवसातून पाच वेळा होणारा तो बिनदुधाचा कडक चहा वर्ज्य कर. या साऱ्यांतून फ्लोराईडच पोटात जाते.

परंतु हे सगळे दुय्यम. मूळ पाणी वाईट असेल तर तीळ आणि ताक म्हणजे फुटक्या बंधाऱ्यावर टाकलेली ढेकळे. तू लिहितोस की पिण्यास जारचे पाणी येते. मग भाकरीचे पीठ कोणत्या पाण्यात मळतोस, वरण कशात शिजते? 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या तुमच्या लातुरात जो तो बोअर खोल खोल नेत गेला, आणि ते पाणी किती खोलीचे, कोणत्या थरातले, याची चौकशी घरमालक करीत नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत एक बाटली देऊन ये, काचेची नव्हे, प्लास्टिकची. आणि निकालात फ्लोराईड लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर असेल तर ते पाणी स्वयंपाकालाही वापरू नकोस. उकळून ते जात नाही, पाणी आटते तसे उलट दाटते. नागपूरच्या नीरी संस्थेने तुरटी आणि चुन्याने ते खाली बसविण्याची जी रीत काढली, तिला नलगोंड्याचेच नाव आहे. पण तिचे प्रमाण पाणी तपासून ठरते, अंदाजाने चिमूट टाकून नव्हे.

आईला 'महिन्यात चालू लागशील' असे सांगू नकोस. हाडांत साठलेले वर्षानुवर्षे हलत नाही, आखडलेले सांधे ताकाने सुटत नाहीत. मला रात्रीची झोप लागू लागली ती पाणी बदलल्यानंतर जवळजवळ दीड वर्षाने, आणि मान आजही पूर्ण खाली जात नाही. डॉक्टरने दिलेल्या वेदनेच्या गोळ्या या पत्राच्या भरवशावर एकाएकी बंद करू नकोस. मात्र त्या रिकाम्या पोटी आणि मनमानी प्रमाणात ती घेत असेल तर मूत्रपिंडांची तपासणी करून घे, कारण फ्लोराईड बाहेर टाकण्याचे काम तीच करतात. पुढच्या खेपेस डॉक्टरांपुढे किनवटची पस्तीस वर्षे पहिल्या वाक्यात सांग, आणि हाताच्या कोपराखालच्या हाडांचाही क्ष-किरण फोटो काढावा का, असे नम्रपणे विचार. त्या दोन हाडांमधल्या पडद्यावर चुना दिसला तर पुष्कळ शंका मिटतात.

येळवसेला तिला घेऊन इकडे ये. आंबील इथे मी लावतो. तू येताना पाण्याच्या निकालाचा कागद आणि शेर-दोन शेर सालीसकट तीळ एवढे आण.

तुझा,
मामा