लहान मिलिंग मशीन ढिले झाले तर आधी काय तपासावे?

टेबलावर मावणारे लहान मिलिंग मशीन मुळात हौशी लोकांसाठी निघाले. पण आपल्याकडे ते घेणारा बहुधा पोटासाठीच घेतो. नावाच्या पाट्या, छोट्या डाय, जुन्या यंत्राचा न मिळणारा एखादा सुटा भाग, अशी कामे त्यावर निघतात. शांघायच्या सीग कंपनीचे एक्स-२ हे या वर्गातले जगभर खपलेले मॉडेल असून निरनिराळे विक्रेते ते आपापल्या नावाने विकतात.

काही वर्षे वापरले की जॉबवर लाटा उमटू लागतात, माप हुकते, गिऱ्हाईक माल परत आणते. मग मालक घाईने बेअरिंग आणावयास निघतो. आमचे म्हणणे असे की, कोणता भाग झिजला हे डायल गेजने ठरविल्याशिवाय खिशात हात घालू नये. पुष्कळदा दोष एखाद्या सैल स्क्रूचा असतो आणि दुरुस्ती फुकटात होते.

प्रथम मशीनचा प्लग काढावा. चुंबकी स्टँडवर गेज लावून टेबल हाताने मागे-पुढे, डावी-उजवीकडे ढकलून पाहावे. काटा आडवा हलला तर जिब पट्टी सैल आहे. बाजूचे चेकनट ढिले करून स्क्रू थोडे थोडे, सर्व सारखे आवळावेत. टेबल मध्यभागी नीट बसले पण टोकांकडे नेताना जड झाले, तर खाचेचा मधला भाग झिजला आहे असे समजावे. तेथे नवी पट्टी घालूनही काही साधत नाही, स्क्रेपिंग जाणणारा फिटरच हवा.

यानंतर बॅकलॅश पाहावा. हँडल एका दिशेने फिरवून गेज शून्यावर आणावा, मग उलट फिरवावे आणि काटा हलेपर्यंत हँडलवरच्या किती रेघा गेल्या ते मोजावे. येथे एक चूक सर्रास होते. सगळा दोष नटावर टाकला जातो. वास्तविक गेजची टोकणी लीड स्क्रूच्या टोकावर टेकवून हँडल उलटसुलट फिरवावे. स्क्रूच पुढे-मागे सरकत असेल तर हँडलजवळची कॉलर आवळली की काम झाले. स्क्रू जागेवर राहून टेबल मात्र उशिरा हलत असेल तरच नट झिजला.

हीच मोजणी टेबलाच्या मध्यावर आणि दोन्ही टोकांना करावी. सर्वत्र सारखा लूज आला तर नवा नट पुरे. मध्ये जास्त आणि टोकांना कमी आला तर स्क्रूचेच आटे झिजले आहेत. अशा स्क्रूवर नवा नट चढविला तर जिथे रोजचे काम चालते तिथे लूज राहतोच. तेव्हा दोन्ही एकदम बदलावेत.

टर्नरकडून नट करून घेताना पिच अंदाजाने सांगू नये. हँडलच्या १० फेऱ्यांत टेबल किती सरकते ते मोजावे. १५ मिलिमीटर आले तर दीड मिलिमीटरचा पिच, १५.८८ आले तर तो इंचाला १६ आट्यांचा. एका फेरीत हा फरक नजरेस येत नाही. आटे उजवे की डावे हेही पाहून घ्यावे. नट चांगल्या गनमेटलचा करावा, आणि मशीन खोलण्यापूर्वी तो तयार असावा, म्हणजे धंदा बंद राहत नाही.

स्पिंडलचा संशय असेल तर आधी आतला टेपर कापडाने स्वच्छ पुसावा. तेथे अडकलेला बारीक बूर खराब बेअरिंगसारखाच त्रास देतो! त्यानंतर लाकडी दांड्याने स्पिंडल उचलून काटा पाहावा, हाताने फिरवून खरखर ऐकावी. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. ६२०६ असेल तर माप ३० बाय ६२ बाय १६ मिलिमीटर. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर असा माल मिळतो, मात्र नकली मालापासून सावध राहावे. बसविताना जी रिंग घट्ट बसवायची तिच्यावरच दाब द्यावा. शाफ्टवर चढविताना बाहेरच्या रिंगवर हातोडी मारली की गोळ्यांवर खड्डे पडतात आणि नवे बेअरिंग त्याच दिवशी वाया जाते.

एक्स-२ च्या डोक्यातील प्लास्टिक गिअरविषयी तक्रार नेहमीची आहे. कटर अडकला की त्याचे दात जातात. लोखंडी गिअर बसविता येतो, पण आवाज वाढतो आणि पुढच्या वेळी धक्का मोटरला व कंट्रोल बोर्डाला बसतो. बोर्ड गिअरपेक्षा कितीतरी महाग. आम्हांला पट्ट्याची जोडणी अधिक पटते, कारण साधा पट्टा ताण आला की घसरतो. ते जमत नसेल तर प्लास्टिकचाच एक जादा गिअर कपाटात ठेवावा. तो करून घेण्यासाठी दात मोजावेत, त्यांत २ मिळवावेत आणि बाहेरच्या व्यासाला त्या आकड्याने भागावे, की मॉड्यूल मिळते. ६० दात आणि ६२ मिलिमीटर व्यास, म्हणजे मॉड्यूल १.

जोडणी झाल्यावर मशीन मंद गतीवर १५-२० मिनिटे रिकामे चालवावे. बंद करून, प्लग काढून बेअरिंगच्या जागी हात लावावा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर पुन्हा खोलावे. मग ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर हलका कट घ्यावा, गेजचे आकडे पुन्हा घ्यावेत आणि तारखेसह मशीनच्या खांबावर लिहून ठेवावेत.