आधी उजेडाची सोय

तुमच्या मराठी शब्दतपासनीसाच्या कामांची यादी वाचली. प्रत्येक कामापुढे ‘तातडीचं’ लिहिलंय, म्हणजे खरं तातडीचं कोणतं ते कुणालाच ठाऊक नाही. ही यादी क्रमाने लावायच्या आधी तिचे दोन ढीग कर. एका ढिगात अशी कामं, की जी अडली तर एकदोघांची गैरसोय होते: कुणाला काळी पार्श्वभूमी हवी आहे, कुणाला शब्द सुचवायची नवी पद्धत. दुसऱ्या ढिगात अशी, की जी अडली तर सगळ्यांचेच हात थांबतात: कोड ठेवलेली रिपॉझिटरी, रोज रात्री बिल्ड करणारं मशीन, अनुवाद करणाऱ्यांचं संकेतस्थळ, रिलीजवर सही करायची किल्ली, पासवर्ड. या दुसऱ्या ढिगासाठी कधी कुणी भांडत नाही. गडद पार्श्वभूमीसाठी पन्नास जण लिहितील, बॅकअपसाठी एकही लिहिणार नाही. म्हणून दर रिलीजला पहिलं काम दुसऱ्या ढिगातलं घ्यायचं, आणि ते संपल्याखेरीज बाकीच्याला हात लावायचा नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही, रामनगरात राहून सांगतोय. आपलं मूळ बिऱ्हाड गंगेच्या पलीकडचं, दुर्गाघाटाजवळचं; निवृत्तीनंतर मी या तीरावर आलो तो रामलीलेच्या ओढीने. इथली रामलीला एकतीस दिवस चालते, अनंत चतुर्दशीला सुरू होते. काशीनरेश उदित नारायण सिंहांच्या काळी, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, तिला हा थाट आला आणि पुढे ईश्वरी प्रसाद नारायण सिंहांनी तिची घडी बसवली. शतकभराहून जास्त काळ चालणारं, शेकडो माणसांच्या हातांवर उभं असलेलं हे काम कसं टिकलं, याचा विचार केलास तर तुमच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं सापडतील.

पहिली गोष्ट म्हणजे इथे रंगमंच नाही. अख्खं गावच रंगमंच. अयोध्या किल्ल्याजवळ, जनकपूर वेगळीकडे, पंचवटी, चित्रकूट, अशोकवाटिका आपापल्या जागी, आणि लंका तर पार गावाबाहेरच्या मैदानात. या जागा लोकांच्या तोंडी त्याच नावांनी आहेत. प्रसंग बदलला की लोक रामामागून चालत पुढच्या जागी जातात. चौथरे, तलाव, बागा हे सगळं एकदा घडवून ठेवलेलं, त्यामुळे दरवर्षी नव्याने काही उभारायचं असेल तर ते पुतळ्यांपुरतं आणि थोड्या मांडवापुरतं. बाकी सगळी शक्ती लीलेला मिळते. तुमच्याकडे उलटं चाललंय. दर रिलीजला कुणीतरी बिल्डची स्क्रिप्ट नव्याने लिहितो आणि त्याने नोकरी बदलली की तीही त्याच्याबरोबर जाते.

दुसरी गोष्ट लोकांना नवल वाटते ती. माइक नाही, विजेचे दिवे नाहीत. उजेड पेट्रोमॅक्सचा आणि मशालींचा. आवाज पोचावा म्हणून व्यास, म्हणजे लीला चालवणारा, मोठ्याने हाक देतो, “चुप रहो, सावधान!” आणि हजारोंचा जमाव खरंच गप्प होतो. कुणी म्हणेल परंपरेचा हट्ट आहे. असेलही, पण त्यातून व्यवहारही साधतो: जे सांभाळायला गावात माणसं आहेत तेवढंच वापरात ठेवलंय. पेट्रोमॅक्स बिघडला तर तिथल्या तिथे जाळी बदलणारा माणूस हजर असतो. तुम्ही मागच्या वर्षी तीन वेगळी संदेशाची ठिकाणं उघडलीत, शिवाय एक विकी, शिवाय एक तक्त्याचं साधन. यातलं कोणतं बिघडल्यावर कोण दुरुस्त करणार, ते एकेका नावाने लिहा. ज्याच्यापुढे नाव येत नाही ते बंद करा. नवं साधन आणायचं तर आणणाऱ्याने सांभाळणाऱ्या दोघांची नावं घेऊन यायचं, हा नियम लावलास की निम्मे प्रस्ताव आपोआप विरतात.

तारखेबद्दल. लीला तिथीवर चालते. सूत्रधार तयार आहेत का, मैदान सुकलं का, हे बघून तिथी हलत नाही. यात मजा अशी, की तिथी हलत नाही म्हणूनच तयारी वेळेवर होते. राम, लक्ष्मण, भरत, शत्रुघ्न आणि सीता यांची भूमिका करणारी लहान मुलं, त्यांना इथे ‘स्वरूप’ म्हणतात, ती महिना-दोन महिने आधीपासून व्यासांकडे पाठांतराला बसतात. रामायणींचं, म्हणजे पोथी म्हणणाऱ्यांचं, पठणही लीला सुरू व्हायच्या दहाएक दिवस आधीच सुरू झालेलं असतं. बालकांडाचा जो भाग अभिनयात येत नाही तो तेव्हाच वाचून होतो. म्हणजे जे दिसत नाही तेही वेळापत्रकात धरलेलं आहे. लिनक्स कर्नलचं असंच आहे. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती, त्यातले पहिले दोन आठवडे नवं काम आत घ्यायचे, मग दार बंद. उरलेला वेळ फक्त दुरुस्तीचा. चुकलं ते पुढच्या फेरीत. गनोम या डेस्कटॉपची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते. तुम्हीही तारीख पक्की करा आणि काम कमी-जास्त करा. काम पक्कं आणि तारीख मोकळी ठेवली की दिवाळीला होणारं रिलीज होळीला होतं, आणि मधे दोन चांगली माणसं कंटाळून जातात.

आणि विश्रांती. रोज सायंकाळी काशीनरेश संध्येला जातात, तेवढा वेळ लीला थांबते. लोक खातात-पितात, नेमी मंडळी गप्पा मारतात, मग पुन्हा सुरू. (नेमी म्हणजे सगळे दिवस न चुकता येणारे, त्यांच्या हातात काठी, कपाळी चंदन, डोक्यात अख्खी लीला पाठ.) हे थांबणं कुणाच्या मेहेरबानीवर सोडलेलं नाही, ते कार्यक्रमाचाच भाग आहे. रिलीजनंतरचा आठवडा कुणी इश्यूला उत्तर द्यायचं नाही, असं तुम्हीही जाहीरपणे लिहून टाका. थकलेला मेंटेनर हा प्रकल्पातला सगळ्यात मोठा धोका असतो. २०२४च्या मार्चमध्ये एक्सझेड नावाच्या लहानशा लायब्ररीत चोरदार सापडलं, ते आठवत असेल. ती सांभाळणारा एकटा माणूस दमलेला होता. काही अनोळखी नावांनी त्याच्यामागे ‘काम होत नसेल तर दुसऱ्याला दे’ असा तगादा लावला, आणि वर्षानुवर्षं चांगलं काम करून विश्वास कमावलेल्या एकाने सूत्रं हाती घेतली. पकडलं गेलं ते केवळ आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं म्हणून. असा माणूस दर वेळी मिळत नाही. म्हणून ‘अमक्याला सुट्टी’ हे कामाच्या यादीत, पहिल्या पाचांत घाल.

आता किल्ल्या, म्हणजे कोणती गोष्ट कुणाच्या नावावर. आपलं म्हणणं नेहमीचं असतं: फुकटची सोय मिळाली, मग घेऊन का नाही टाकायची? घ्यावी, पण निघायचा रस्ता आधी बघावा. लिनक्सवाल्यांना बिटकीपर हे कोडाचं साधन फुकट वापरायला मिळत होतं. २००५ साली ती मुभा गेली आणि लिनस टोरवाल्ड्सला काही आठवड्यांत गिट लिहावं लागलं. तो टोरवाल्ड्स होता, लिहू शकला. २०२० साली ट्रॅव्हिस या बिल्ड करून देणाऱ्या सेवेने फुकट बिल्डचे नियम बदलले आणि शेकडो लहान प्रकल्पांची धांदल उडाली. २०२१च्या मे महिन्यात फ्रीनोड या मुक्त प्रकल्पांच्या गप्पांच्या जाळ्याचा ताबा गेला, तेव्हा चालवणारे स्वयंसेवक एका दिवसात बाहेर पडले आणि त्यांनी लिबेरा उभं केलं. यात वाईट हेतू असेलच असं नाही; मालकाची गरज बदलते एवढंच. म्हणून तीन गोष्टी स्वतःच्या नावावर ठेवा: डोमेन, सदस्यांची यादी, आणि कोडाची पूर्ण प्रत. बाकी कुणाच्याही अंगणात मांडा.

प्रत म्हणजे काय, हेही सांगतो, कारण इथे शहाणी माणसं फसतात. केडीई या मोठ्या प्रकल्पाच्या सुमारे दीड हजार रिपॉझिटऱ्या २०१३च्या मार्चमध्ये जवळजवळ गेल्याच होत्या. मुख्य सर्व्हरवरची फाइल-व्यवस्था बिघडली, आणि जगभरातल्या आरसाप्रतींनी ती बिघाडासकट, इमानेइतबारे उतरवून घेतली. एका सर्व्हरची वेळ नशिबाने जुळली नाही म्हणून त्याच्याकडे धड प्रत उरली. गिटलॅबचं २०१७च्या ३१ जानेवारीचं तर प्रसिद्धच आहे: रात्री दमलेल्या इंजिनिअरने चुकीच्या मशीनवर डेटाबेस पुसला, आणि मग कळलं की बॅकअपच्या पाचही वाटांपैकी एकही नीट चालत नाही. बॅकअप फसल्याची पत्रं जायची, पण ती पोचतच नव्हती. सहा तासांचा डेटा गेला. त्यांनी लाज न बाळगता सगळी दुरुस्ती लोकांसमोर थेट दाखवली, याचं मला कौतुक वाटतं.

यावरून तुम्हाला एकच काम देतो. तीन महिन्यांतून एकदा, शनिवारी दुपारी, कोऱ्या मशीनवर अख्खा प्रकल्प बॅकअपमधून उभा करा. जो रोज हे सांभाळतो त्याने गप्प बसायचं, दुसऱ्याने कागद वाचून करायचं. जिथे तो अडेल तिथे कागद अपुरा आहे. स्वरूपांना शिकवणारे व्यास संवादाची पोथी हातात धरून उभे असतात ना, तशी तुमची पोथी लिहिलेली हवी. डोक्यातली चालणार नाही. इथल्या अनेक भूमिका घराण्यांत चालत आल्या आहेत, बापाकडून मुलाकडे. तुमच्याकडे तसं घराणं नाही, कुणी मुलगा वारसा घेऊन येणार नाही, म्हणून कागदाचं महत्त्व तुम्हाला आमच्याहून जास्त.

पैशाविषयी मंडळी संकोचतात, तू संकोचू नको. २०१४च्या एप्रिलमध्ये हार्टब्लीड हा सुरक्षेतला दोष बाहेर आला तेव्हा कळलं की जगातल्या बँकांपासून दुकानांपर्यंत सगळे ज्या ओपनएसएसएलवर उभे आहेत त्याला वर्षाला देणग्या मिळतात सुमारे दोन हजार डॉलर, आणि पूर्ण वेळ काम करणारा एखादाच. नंतर मोठ्या कंपन्या पैसे घेऊन धावल्या. लीलेचंही बघ. राजाची तिजोरी होती तोवर प्रश्न नव्हता. संस्थान विलीन झालं आणि सरकारी अनुदान सुरू झालं, म्हणून ती चालू राहिली. देणगी मागताना ‘नव्या वैशिष्ट्यांसाठी’ मागू नको. डोमेन, मशीन, प्रमाणपत्र, बॅकअपची जागा, इतक्या रुपयांचा हिशेब लिहून मागितलास तर पुण्यातल्या एखाद्या कंपनीला तो सहज परवडेल, आणि देणाऱ्यालाही नेमकं काय दिलं ते कळेल.

शेवटचा मुद्दा तुला थोडा झोंबेल. तुम्ही शब्द तपासायचं नवं इंजिन लिहायला घेतलंय. कशाला? हनस्पेल हे तयार इंजिन आहे, लिब्रेऑफिस तेच वापरतं, फायरफॉक्सही. तुमचं खरं काम शब्दांची यादी आणि प्रत्ययांचे नियम, जे मराठी माणसाखेरीज दुसरं कुणी करणार नाही. लोहित फाँट बघ. मूळ काम पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं, रेड हॅटने ते मुक्त केलं. हिंदी, मराठी, कोंकणी, नेपाळीचे वेगवेगळे फाँट सांभाळत बसण्यापेक्षा पुढे एकच लोहित देवनागरी ठेवला. पण मराठीचा ल आणि श हिंदीपेक्षा वेगळा दिसतो, ते वळण फाँटमध्ये भाषेच्या खुणेवर ठेवलं. मजकूर मराठी आहे असं सांगितलं की मराठी ल येतो. पाया शेजाऱ्यांबरोबर, वळण आपलं. तुम्हीही चुका हनस्पेलकडे कळवा, दुरुस्त्या तिकडे पाठवा. तिकडचा नियम तुमच्या नियमाआड येत असेल तेवढाच तुकडा वेगळा ठेवा. मला ठाऊक आहे, नवं इंजिन लिहिण्यात आनंद असतो आणि दुसऱ्याच्या कोडात पाच ओळी बदलून त्यावर तीन आठवडे वाद घालण्यात नसतो. तरी तेच कर.

बैठकीतल्या निर्णयाचं टिपण त्याच रात्री लिहीत जा: काय ठरलं, काय मुद्दाम टाळलं आणि का टाळलं. ‘का टाळलं’ हा भाग कुणी लिहीत नाही आणि दर सहा महिन्यांनी तोच वाद पुन्हा होतो.

शिफारशींचं पत्र वेगळं पाठवतो. तोवर, डोमेनची मुदत कधी संपते ते तू अजून लिहिलेलं नाहीस. तारीख कळव, आणि पैसे कुणाच्या कार्डावरून जातात तेही.