फिल्टरच्या पलीकडचा फुफाटा

मिस्त्रींनी एअर फिल्टरच्या डब्यापासून निघणारा पाइप सोडवला, टॉर्च माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "दादा, हितं आतनं बोट फिरवा." मी फिरवलं. बोटाला तेलकट, मातकट थर आला. अंगठ्यावर चोळला तर कचकच लागली. हा पाइप फिल्टरच्या पलीकडचा होता. म्हणजे ही धूळ गाळणी ओलांडून आलेली, टर्बोतून थेट इंजिनात जाणारी. तीन वर्षं मी इंजिनाला ती खाऊ घालत होतो.

माझं काम ठिबक सिंचनाचं. बार्शीहून करमाळा, परंडा, भूम असं फिरणं, आणि डांबरी सोडून बांधापर्यंत गाडी नेल्याशिवाय दिवस जात नाही. ऊसतोडीच्या हंगामात पुढे ट्रॅक्टर-ट्रॉली आणि मागे फुफाट्यात आपण. गाडी १.३ लिटरची डिझेल, २०१६ची. २०१८मध्ये एका ॲक्सेसरीजच्या दुकानात मला धुऊन पुन्हा वापरता येणारा 'हाय-फ्लो' फिल्टर दाखवला. किंमत साडेपाच हजार. पिकअप वाढेल, ॲव्हरेज वाढेल, पुन्हा कधी फिल्टर विकत घ्यावा लागणार नाही. तिन्ही गोष्टी मला हव्या होत्या. मी घेतला.

पहिला आठवडा पिकअप वाढल्यासारखं वाटलं. आज कळतं की बदलला होता तो आवाज. हवा ओढल्याचा घोष मोठा झाला की कानाला जोर वाटतो. डिझेल भरलं की वहीत किलोमीटर लिहायची माझी जुनी सवय. त्या वहीत ॲव्हरेज आधी २१च्या आसपास होतं, नंतरही तेवढंच राहिलं.

त्याचं कारण मला फार उशिरा समजलं. पेट्रोल गाडीत हवा किती घ्यायची हे थ्रॉटलची झडप ठरवते. रोजच्या चालीत ती अर्धवटच उघडी असते, त्यामुळे खरा अडसर तिथे असतो, फिल्टरमध्ये नाही. टर्बोच्या डिझेलमध्ये ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, हवेचा दाब हवा तेवढा राखतो. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९मध्ये मुद्दाम तुंबवलेले फिल्टर घालून इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्या तपासल्या. वेग घेताना त्या मंदावल्या, पण मायलेजमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही. तुंबलेल्या फिल्टरने इंधन जास्त जळत नसेल, तर चांगल्या फिल्टरच्या जागी अधिक मोकळा घालून ते वाचणार कुठून?

आता फिल्टरचं मुख्य काम पाहा. एक लिटर पेट्रोल जाळायला साधारण नऊ हजार लिटर हवा लागते, डिझेलला त्याहून जास्त. एवढ्या हवेतून धूळ अडवायची असते. कंपनीच्या कागदी फिल्टरमध्ये घट्ट तंतूंचा कागद बारीक घड्या घालून बसवलेला असतो. नीट बनवलेला असा फिल्टर चाचणीच्या धुळीपैकी ९९ टक्क्यांहून जास्त धूळ अडवतो. त्यावर धुळीचा पातळ थर बसला की तो थरही गाळण्याचं काम करतो. म्हणून थोडा मळलेला कागदी फिल्टर नव्या फिल्टरपेक्षा बारीक गाळतो! हे कळलं तेव्हा, मळका दिसला म्हणून मी फेकलेले सगळे फिल्टर आठवले.

माझ्या नव्या फिल्टरमध्ये सुती जाळीचे थर होते आणि त्यांना तेल लावलेलं. जाळीची छिद्रं कागदापेक्षा मोठी, म्हणून हवा मोकळी. धूळ पकडायची ती तेलाच्या चिकटपणावर. तेल कमी पडलं की बारीक धूळ निसटते, आणि जास्त झालं की तेलच हवेबरोबर पुढे जातं. मी दोन्ही चुका केल्या.

आधी जास्त तेलाची. पहिल्यांदा फिल्टर धुतला, स्प्रेने चिंब केला आणि लगेच बसवला. चार दिवसांत चेक इंजिनचा दिवा लागला, चढाला गाडी मान टाकायला लागली. फिल्टरच्या पुढे हवा मोजणारा सेन्सर असतो. त्यातली तापलेली बारीक पट्टी हवेने किती थंड होते, यावरून हवेचा हिशोब लागतो. तिच्यावर तेल-धुळीचा लेप बसला होता. खरी हवा जास्त, सेन्सर सांगतो कमी, म्हणून ईसीयू डिझेल आखडतं घेतो. त्याच सेन्सरसाठी बनवलेल्या स्प्रेने तो साफ झाला. तिथे बोट, ब्रश किंवा कार्ब्युरेटरचा क्लीनर कधीही लावू नका, पट्टी नाजूक असते.

त्या धास्तीने पुढच्या वेळी तेल अगदी हलकं मारलं, आणि खरं नुकसान तिथे सुरू झालं. वर फिल्टरची रबरी कड आमच्या डब्यात एका कोपऱ्यात नीट बसत नव्हती. तिथून आत गेलेल्या धुळीची रेघ मला नंतर दिसली. दोन हजार किलोमीटरला लिटरभर इंजिन ऑइल कमी व्हायला लागलं. १ लाख १४ हजारांवर इंजिन उघडलं तेव्हा टर्बोच्या पात्यांच्या कडा झिजलेल्या, रिंगा सैल. हाफ इंजिन आणि टर्बो मिळून ६२ हजार लागले. सगळा दोष एकट्या फिल्टरचा होता असं मी म्हणणार नाही. माझे रस्ते आणि माझा आळस त्यात आहेतच. पण पाइपातली धूळ मी बोटाने चाचपली आहे.

बचतीचा हिशोबही जमत नाही. कागदी फिल्टर मला चारशेला मिळतो. आमच्या धुळीत दर दहा हजाराला बदलला तरी लाख किलोमीटरला चार हजार होतात. त्या फिल्टरचे साडेपाच हजार, धुण्याच्या किटचे वेगळे, शिवाय वाळेपर्यंत गाडी दिवसभर उभी.

असे फिल्टर सरसकट वाईट आहेत असं नाही. रेसिंगच्या गाडीचं इंजिन पूर्ण जोरावर चालतं आणि वरचेवर उघडलंही जातं, तिथे त्यांचा उपयोग आहे. मोठा टर्बो आणि नवं ट्यूनिंग केलं असेल तर जास्त हवा खरोखर लागते. तेल न लागणारे कोरडे सिंथेटिक फिल्टरही मिळतात, त्यांनी निदान सेन्सर तरी वाचतो. पण डबा काढून इंजिनाजवळ उघडा शंकू बसवू नका. तो बॉनेटखालची गरम, विरळ हवा ओढतो. दहा अंश गरम हवेत सुमारे तीन टक्के हवा कमी भरते. आणि तो खाली बसवलेला असेल तर पावसाळ्यात साचलेलं पाणी इंजिनात ओढलं जाऊन कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. वॉरंटीतल्या गाडीला काहीही बसवण्याआधी सर्व्हिस सेंटरकडून लेखी विचारून घ्या.

तुमच्या गाडीत असा फिल्टर आधीच असेल तर येत्या रविवारी एवढं करा. इंजिन थंड असताना फिल्टरच्या पुढचा पाइप सोडवा आणि पांढरं सुती फडकं आतून फिरवा. फडकं स्वच्छ निघालं तर राहू द्या. धुताना पाणी आतल्या बाजूने बाहेर, हलक्या धारेने सोडा, सावलीत वाळवा, कॉम्प्रेसरची हवा मारू नका. प्रत्येक घडीवर तेलाची एकच बारीक रेघ ओढा, ते सगळीकडे सारखं पसरेपर्यंत थांबा, मगच बसवा. डब्याचे सगळे स्क्रू सारखे आवळा आणि रबरी कड चहूबाजूंनी बसली का ते बोटाने चाचपा. आणि फडक्याला कचकच लागली, तर त्याच दिवशी कागदी फिल्टर आणा. गॅरेजचा पोरगा जुनाच कागदी फिल्टर हवा मारून परत बसवायला निघाला तर त्याला थांबवा. जोराच्या हवेने कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात.

माझ्या गाडीत आता चारशेचा फिल्टर आहे. मागच्या महिन्यात मिस्त्रींनी पुन्हा पाइप सोडवला, मी खिशातला रुमाल आतून फिरवला, आणि तो तसाच घडी करून परत खिशात ठेवला.