धर्मांतर आणि चर्चचा अधिकार : पंडिता रमाबाईंच्या वादाचा एक अभ्यास

१. प्रश्नाची मांडणी

मराठीतील ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार करताना सामान्यतः हिंदू-ख्रिस्ती वाद आपल्यासमोर येतो. रेव्हरंड जॉन विल्सन आणि मोरभट्ट दांडेकर यांच्यातील १८३१ च्या सुमाराचे खंडनमंडन, किंवा विष्णुबावा ब्रह्मचारी यांनी १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर घेतलेल्या सभा, यांचा उल्लेख वाङ्मयेतिहासात आवर्जून होतो. मात्र ख्रिस्ती धर्माच्या अंतर्गतच चाललेला एक जुना वाद, म्हणजे कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यातील वाद, मराठी माणसाच्या वाट्याला कोणत्या रूपाने आला, हा प्रश्न तुलनेने मागे राहतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांच्या संदर्भात करावयाचा आहे.

या वादात दोन प्रश्न गुंतलेले आहेत. धर्मांतर नेमके केव्हा पूर्ण होते, हा पहिला. आणि धर्मसत्य कोणते हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा दुसरा. कॅथलिक भूमिकेनुसार बाप्तिस्मा हा चर्चने दिलेला संस्कार असून त्यानेच मनुष्य ख्रिस्ताच्या मंडळीत प्रविष्ट होतो. बायबलचा अर्थही प्रेषितांपासून चालत आलेल्या परंपरेच्या आणि धर्मगुरूंच्या मार्गदर्शनानेच लावावयाचा असतो. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेने हा क्रम पालटला. बायबल हे अंतिम प्रमाण ठरले. पुढे सुवार्तावादी पंथांनी त्यात अंतःकरणाच्या पुनर्जन्माची अट घातली. हा अनुभव नसेल तर बाप्तिस्मा हे केवळ बाह्य चिन्ह होय, असे ते मानू लागले.

२. दोन परंपरा

मराठीत ख्रिस्ती काव्याचा आरंभ करणारे फादर थॉमस स्टीफन्स हे स्वतःच या युरोपीय संघर्षाचे अपत्य होते. प्रॉटेस्टंट झालेल्या इंग्लंडमध्ये कॅथलिक म्हणून राहणे कठीण झाल्यावर ते रोमला गेले, १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाले आणि १५७९ मध्ये गोव्यास आले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्यांच्या पाठोपाठ फादर एतिएन द ला क्रुआ यांनी प्रेषित पेत्राच्या चरित्रावर मराठी ओवीबद्ध पुराण रचले. रोमच्या धर्मपीठाचा अधिकार ज्या प्रेषितापासून सांगितला जातो त्याचेच चरित्र पुराणासाठी निवडले जावे, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. या रचनांचा श्रोता नवदीक्षित आहे. तो ऐकतो, प्रश्न विचारतो, पण निर्णय गुरूचा असतो. पुराणाचा घाट आणि चर्चची अधिकारकल्पना यांचा येथे सहज मेळ बसला आहे.

प्रॉटेस्टंट परंपरा मराठीत दोन शतकांनंतर आली आणि ती गद्यातून आली. १८१३ मध्ये मुंबईत स्थिरावलेल्या अमेरिकन मराठी मिशनने भाषांतर, शाळा आणि छापखाना यांवर भर दिला. १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' सुरू झाला. येथे श्रोत्याची जागा वाचकाने घेतली. १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या बाबा पदमनजी यांचे 'अरुणोदय' हे आत्मचरित्र पाहिले तर धर्मांतर ही वाचन, शंका आणि पडताळा यांतून हळूहळू घडणारी प्रक्रिया म्हणून त्यात येते.

या दोन परंपरा मराठीत बहुतांशी वेगवेगळ्या प्रदेशांत आणि वेगवेगळ्या काळांत नांदल्या. त्या एकाच व्यक्तीच्या आयुष्यात समोरासमोर आल्या त्या रमाबाईंच्या बाबतीत.

३. वाँटेजची पार्श्वभूमी

रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे, कन्या मनोरमेसह झाला. तो रोमन कॅथलिक चर्चमध्ये नव्हे, तर चर्च ऑफ इंग्लंडमध्ये झाला. मात्र या एका वाक्यावर थांबल्यास पुढील वादाचा अर्थ लागत नाही. १८३३ मध्ये सुरू झालेल्या ऑक्सफर्ड चळवळीने इंग्लंडच्या चर्चमध्ये एक कॅथलिक वळणाचा पक्ष निर्माण केला होता. बिशपांची अखंड परंपरा, संस्कारांचे महत्त्व, मठजीवन, पुरोहिताचा अधिकार या गोष्टींचा हा पक्ष आग्रह धरीत असे. त्याचे एक अग्रणी जॉन हेन्री न्यूमन तर १८४५ मध्ये रोमन चर्चमध्येच गेले. १८४८ मध्ये स्थापन झालेला वाँटेजचा भगिनीसंघ याच वळणाचा होता. या संघाच्या भगिनी पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काम करीत आणि तेथेच १८८२-८३ मध्ये रमाबाईंचा त्यांच्याशी परिचय झाला.

याच परिचयवर्तुळात फादर नेहेम्या गोरे होते. पूर्वाश्रमीचे नीळकंठशास्त्री गोरे (१८२५-१८९५) हे काशीतील चित्पावन पंडित. त्यांनी १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतला तो सुवार्तावादी चर्च मिशनरी सोसायटीच्या सहवासात. पण पुढे त्यांचा कल कॅथलिक वळणाकडे झाला. 'षड्दर्शनदर्पण' लिहिणाऱ्या या तार्किकाला अखेर असे वाटले, की केवळ बुद्धीच्या आधारावर मनुष्य स्थिर राहू शकत नाही. त्याला परंपरेचा आधार हवा. रमाबाईंना ख्रिस्ताकडे वळविण्यात गोऱ्यांच्या विनम्र प्रतिपादनाचा वाटा होता, हे त्यांनी पुढे कृतज्ञतेने नमूद केले आहे. शास्त्रिपरंपरेतून आलेल्या या दोन व्यक्तींचे मार्ग मात्र अधिकाराच्या प्रश्नावर फुटले. गोऱ्यांना जेथे विसावा मिळाला, तेथेच रमाबाईंना जाच वाटला.

४. पत्रांतील वाद

बाप्तिस्म्यानंतर रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात राहिल्या. १८८४ ते १८८६ या काळात वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन आणि महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो अ. भि. शहा यांनी १९७७ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथातून उपलब्ध झाला. पत्रे इंग्रजीत असली तरी त्यांतील वादपद्धतीवर शास्त्रार्थाचे संस्कार स्पष्ट दिसतात. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी मांडावयाचे, त्यातील गृहीतक वेगळे काढावयाचे आणि मग प्रमाण मागावयाचे, अशी त्यांची रीत आहे.

वादाचे विषय अनेक आहेत. त्रैक्याचा सिद्धांत बायबलात नेमका कोठे सांगितला आहे, असे त्या विचारतात. अथनेशियसच्या मतसारातील, ते न मानणाऱ्याला शाप देणारा भाग त्यांना मान्य होत नाही. महाविद्यालयात पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याचा प्रश्न निघाला तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी प्रतिकूल मत दिले. आपल्या वर्तनाचा निर्णय बिशपांनी का घ्यावा, हा त्यांचा प्रश्न होता. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे असण्यासही त्यांनी हरकत घेतली. जी भाषा आपल्याला आणि आपल्या देशबांधवांना कळत नाही, तिच्यात संस्कृतपेक्षा अधिक पावित्र्य कोणते, असा त्यांचा मुद्दा होता. वरकरणी हा मुद्दा किरकोळ वाटतो; पण लॅटिनला मिळालेली ही प्रतिष्ठा परंपरेच्या अधिकाराचेच दृश्य चिन्ह होती आणि रमाबाईंनी नेमके तेच हेरले.

या सर्व मुद्द्यांच्या मुळाशी असलेली भूमिका त्यांच्या मे १८८५ मधील एका पत्रात स्पष्टपणे येते. आपण मोठ्या कष्टाने हिंदुस्थानातील पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटलो आहोत. धर्मगुरूंचा शब्द हाच ईश्वराचा आदेश मानून पुन्हा तसलेच दुसरे जोखड स्वीकारण्याची आपली तयारी नाही, असा त्यातील आशय आहे. ख्रिस्तावर विश्वास आणि कोणत्याही एका चर्चवर विश्वास यांत त्या स्पष्ट भेद करतात.

हा युक्तिवाद प्रॉटेस्टंट आहे काय? निष्कर्ष पाहिला तर तसे म्हणता येईल. परंतु त्याची उपपत्ती वेगळी आहे. युरोपातील सुधारकांनी पोपचा अधिकार नाकारला तो ख्रिस्ती इतिहासाच्या चौकटीत. रमाबाईंच्या अनुभवात पुरोहिताचा अधिकार प्रथम भेटतो तो ब्राह्मणी धर्मशास्त्राच्या रूपाने. स्त्रीला वेदाधिकार नाही असे सांगणारी परंपरा, आणि पत्नीला संस्कृत शिकविल्याबद्दल अनंतशास्त्री डोंगरे यांना झालेला विरोध, हा त्यांचा पूर्वपक्ष आहे. म्हणून त्या कॅथलिक वळणाच्या अधिकाराला विरोध करतात तेव्हा 'अधिकार' या शब्दाचा मराठी-संस्कृत अर्थही त्यांच्या मनात जागा असतो, असे मानावयास जागा आहे. सत्ता आणि पात्रता हे दोन्ही अर्थ त्या एका शब्दात आहेत. शास्त्रवचनाचा अर्थ लावण्याची पात्रता आपणास आहे, असा दावा करूनच त्या धर्मगुरूंची सत्ता नाकारतात.

सिस्टर जेराल्डिन यांची बाजूही समजून घ्यावयास हवी. त्यांच्या दृष्टीने बाप्तिस्मा घेणारी व्यक्ती चर्चची कन्या होते, आणि कन्येने आधी विश्वास ठेवावा, आकलन मागून येते. त्यामुळे रमाबाईंचे प्रश्न त्यांना शंका न वाटता अहंकार वाटले. शिवाय ही पत्रे जतन करून त्यांना भाष्य जोडण्याचे कामही जेराल्डिन यांनीच केले. म्हणजे या वादाचा दप्तरखानाच एका पक्षाने लावलेला आहे, हे अभ्यासकाने विसरता कामा नये.

५. दोनदा घडलेले धर्मांतर

१९०७ मधील आपल्या साक्षीत रमाबाईंनी १८८३ च्या घटनेचा पुनर्विचार केला आहे. त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्या सांगतात. हा अनुभव बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या आसपास आला. त्यास विल्यम हॅस्लम यांच्या आत्मकथनाचे वाचन कारण झाले. हॅस्लम हे कॉर्नवॉलमधील कॅथलिक वळणाचे धर्मगुरू; १८५१ मध्ये स्वतःचेच प्रवचन चालू असताना त्यांचे हृदयपरिवर्तन झाले. दीक्षा, पद आणि संस्कार असूनही आपण आतून कोरडे होतो, ही त्यांची कबुली रमाबाईंना जवळची वाटावी यात नवल नाही.

वाङ्मयदृष्ट्या येथे महत्त्वाची गोष्ट घडते. बाप्तिस्मा हा ज्या कथनाचा शेवट असावयाचा, त्यात तो मधला टप्पा ठरतो. कॅथलिक अर्थाने १८८३ मध्येच पूर्ण झालेले धर्मांतर सुवार्तावादी अर्थाने १८९१ मध्ये सुरू होते. एकाच आयुष्याला दोन धर्मशास्त्रे दोन आरंभबिंदू देतात, आणि लेखिका त्यांतील दुसरा निवडते. केडगाव येथे त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच निवडीची परिणती होय. हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ ग्रंथावरून, सामान्य स्त्रियांना कळेल अशा मराठीत ते करावयाचे हा त्यांचा संकल्प होता. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

६. भूमिकेची कसोटी

अधिकार नाकारणारी व्यक्ती स्वतः अधिकारपदी आली म्हणजे काय होते? ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उघडलेल्या आणि पुढे पुण्यास हलविलेल्या शारदा सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राखण्याचे ठरले होते. रमाबाई आपली प्रार्थना दार उघडे ठेवून करीत आणि काही मुली तेथे येऊन बसत. ही त्यांची व्यक्तिगत मोकळीक की संस्थाचालिकेचा प्रभाव, यावर वादळ उठले. 'केसरी'ने टीका केली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. मुलींनाही आपला धर्म निवडण्याचे स्वातंत्र्य आहे, हे रमाबाईंचे उत्तर त्यांच्या १८८५ मधील भूमिकेशी सुसंगत होते. तथापि आश्रयदात्रीच्या छायेत आश्रित विधवेची निवड कितपत मुक्त राहते, हा विरोधकांचा प्रश्नही निराधार म्हणता येत नाही. चर्चच्या अधिकाराबाबत त्यांनी जेराल्डिन यांना विचारलेला प्रश्नच येथे त्यांच्याकडे परत आला.

७. व्यक्तीकडून समूहाकडे

रमाबाईंचा प्रश्न एका व्यक्तीच्या सदसद्विवेकाचा होता. तोच प्रश्न समूहाच्या पातळीवर सोलापूर परिसरात पुन्हा विचारला गेला. सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरील वळसंग येथील विहिरीशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९३७ मधील भेटीची स्मृती जोडलेली आहे. त्यानंतर थोड्याच महिन्यांनी, १ जानेवारी १९३८ रोजी, सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे त्यांचे भाषण झाले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांविषयीचे आकर्षण त्यांनी तेथे व्यक्त केले; पण दक्षिणेत चर्चमध्येही जातिभेद पाळला जातो आणि ख्रिस्ती समाज सामाजिक अन्यायाविरुद्ध लढला नाही, हेही सुनावले. जातीच्या प्रश्नावर दोन्ही चर्चचे इतिहास भिन्न आहेत. पोप पंधरावे ग्रेगरी यांनी १६२३ मध्ये नवदीक्षितांना जानवे आणि शेंडी ठेवण्याची मुभा दिली, तर १८३३ मध्ये कलकत्त्याचे अँग्लिकन बिशप डॅनियल विल्सन यांनी जातिभेद तत्काळ सोडण्याचा आदेश काढला. मुभा असो वा आदेश, दोन्ही वरून आले. मंडळीतील जात मात्र टिकून राहिली.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली आणि लगेच स्वतः, भिक्खू नसताना, लाखोंना ती दिली. दीक्षा देण्याचा अधिकार कोणाचा, या जुन्या प्रश्नाला दिलेले ते कृतिरूप उत्तर होते.

यावरून असे म्हणता येईल, की कॅथलिक-प्रॉटेस्टंट वाद मराठीत केवळ आयात म्हणून राहिला नाही. पुरोहिताच्या अधिकाराचा अनुभव येथे आधीपासूनच होता. त्या वादाने त्याला नवी परिभाषा पुरविली. रमाबाईंचे लेखन धर्मांतराची कथा म्हणून वाचले जाते, तसेच ते अधिकारविचाराचे लेखन म्हणूनही वाचले जावयास हवे. धर्म बदलणारी व्यक्ती स्वामी बदलते की स्वामित्वाची कल्पनाच बदलते, हा त्यांचा प्रश्न धर्मांतराच्या कोणत्याही कथनाला विचारता येण्याजोगा आहे.