आजचं चिंतन: फूल कुणासाठी खुडलं होतं?



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ४६. वेळ असेल तर ४८ वा श्लोकही सोबत वाचा, पुढे लागणार आहे.

सोप्या शब्दांत अर्थ

ज्याच्यापासून सगळे जीव आले आणि ज्याने हे सारं व्यापलंय, त्याची पूजा आपल्या वाट्याच्या कामानेच करायची. त्या पूजेतूनच माणूस सिद्धीला पोचतो.

ज्ञानेश्वर माऊलींनी इथे आपल्या कामाला फुलांची उपमा दिली आहे. पूजेला वेगळी फुलं आणायला नकोत, रोजचं काम हेच फूल. अरणच्या सावता महाराजांनी हे मळ्यात राहून दाखवलं, तेरच्या गोरोबाकाकांनी चाकावर.

चिंतन

ज्यांनी स्वतःचा छोटा धंदा सुरू केलाय, त्यांना हा श्लोक वाचताना एक प्रश्न पडतो. सुरुवातीला रात्र रात्र जागूनही थकवा यायचा नाही. आता सकाळी लॅपटॉप उघडायचा म्हटलं तरी जिवावर येतं. जीएसटीचं रिटर्न, अडकलेली पेमेंट्स, एक स्टार देऊन गेलेला ग्राहक. मग आपण म्हणतो, ‘तो पहिला उत्साह कुठे गेला?’ आणि मोटिव्हेशनचे व्हिडिओ बघत बसतो.

मला वाटतं, इथे शोधच चुकीच्या वस्तूचा चाललेला असतो. श्लोक उत्साहाबद्दल काही बोलतच नाही. तो सांगतो ते एवढंच, की काम हे कुणाला तरी वाहायचं असतं. फुलं खुडणाऱ्याला मूर्ती डोळ्यांसमोर असली की काटे लागले तरी चालतात. मूर्ती विसरली की उरते ती फक्त मजुरी. म्हणून ‘मला तेव्हा कसं वाटत होतं?’ यापेक्षा ‘मी हे कुणासाठी सुरू केलं होतं?’ हा प्रश्न जास्त कामाचा.

आता ४८ वा श्लोक. आगीला जसा धूर, तसा प्रत्येक आरंभाला काही ना काही दोष चिकटलेलाच असतो, म्हणून आपलं काम सोडू नये, असं भगवंत सांगतात. ‘आरंभ’ म्हणजे आपल्या भाषेत स्टार्टअपच की! धूर झाला म्हणून चूल विझवायची नसते. पण खाली विस्तव आहे की नुसता धूरच, हे मात्र वाकून बघावं लागतं.

एक उदाहरण

लिज्जत पापड सगळ्यांना माहीत आहे. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. घर सांभाळून आपल्या हाताने चार पैसे मिळवता यावेत, एवढाच हेतू. आज तिथे हजारो जणी काम करतात, तरी लाटणारी प्रत्येक बहीण संस्थेची सहमालक आहे. त्यांनी मूळ हेतू नुसता आठवणीत ठेवला नाही, त्याचा नियम केला. आठवण पुसट होते, नियम रोज पाळावा लागतो.

माझ्यापुरतं

मी आणि माझ्या मित्राने नोकरी सोडून किराणा दुकानांसाठी मराठीत बिलिंग आणि उधारीचं ॲप सुरू केलं, त्याला आता पाच वर्षं होतील. कारण होते माझे मामा. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात त्यांचं दुकान. रात्री दहाला शटर ओढून ते तासभर उधारीची वही जुळवत बसायचे, आणि मामी ताट झाकून वाट बघायची. तो एक तास मला मामांना परत द्यायचा होता.

गेल्या महिन्यात एका मोठ्या वितरकाचं काम आलं. पैसे चांगले, पण अट अशी की आमची पूर्ण टीम त्यांच्याच सिस्टिमवर हवी. म्हणजे छोट्या दुकानांचं ॲप जवळपास बंद. आमच्याकडे चार जण पगारावर आहेत, एकाच्या घराचा हप्ता नुकताच सुरू झालाय. ‘मी तर मामांसाठी सुरू केलं होतं’ म्हणून नकार देणं मला सोपं होतं, पण ते चौघं काही मामांसाठी आले नव्हते.

तेव्हा तुकोबांच्या चरित्रातला प्रसंग आठवला. घरी सावकारी होती. दुष्काळानंतर लोकांच्या कर्जाची खतं इंद्रायणीत बुडवायचं तुकोबांनी ठरवलं. परंपरा सांगते, की त्यांनी खतांचे दोन भाग केले. भाऊ कान्होबाचा अर्धा भाग त्याच्याकडे ठेवला आणि फक्त आपला अर्धा बुडवला. आपण बुडवणं लक्षात ठेवतो, वाटणी विसरतो. आपल्या हेतूची किंमत आपल्याच वाट्यातून द्यायची, दुसऱ्याच्या ताटातून नाही.

मी आणि मित्र दोन संध्याकाळी बसलो. वितरकाला कळवलं की तीन जण देऊ, सगळे नाही. त्यामुळे रक्कम कमी झाली. ती कमी आम्हा दोघांच्या पगारातून भरायची, चौघांच्या नाही. मराठी ॲप चालू राहील आणि दर बुधवारी आमच्यातला एक जण कुठल्यातरी दुकानाच्या गल्ल्यामागे दोन तास बसेल. हा आमचा नियम. वर्षभर जमेल का, ते विठ्ठलाला माहीत. पण परवाच्या बुधवारी एका आजींनी ‘हे बटण मोठं कर रे बाळा, दिसत नाही’ म्हटलं, आणि बऱ्याच दिवसांनी कोड लिहायला हात शिवशिवले.

आजचा अभ्यास

पूजेच्या आधी गुरुजी संकल्प सांगतात तो नीट ऐका. संवत्सर, महिना, तिथी, गोदावरीचं कोणतं तीर, मग आपलं नाव आणि हेतू. गणपती दरवर्षी तोच, पण संकल्प दरवर्षी नव्याने सोडायचा, त्या दिवसाची तिथी घालून. मूळ हेतूकडे परत जाणं म्हणजे पाच वर्षं मागे जाणं नव्हे. जुना हेतू आजच्या तारखेसह पुन्हा उच्चारणं.

आज एवढं करून बघा:

१. आपल्या धंद्याचा सर्वात जुना कागद शोधा. पहिलं बिल, पहिल्या ग्राहकाचा मेसेज किंवा पहिला कमिट.

२. वहीत एक वाक्य लिहा: ‘आज अमुक तारखेला, अमुक गावी, मी हे काम अमुक माणसासाठी करतो.’ ‘समाजासाठी’ असं मोघम नको, एका माणसाचं नाव हवं.

३. नाव सुचलं तर त्या माणसाला या आठवड्यात भेटा आणि परत येऊन एक छोटा नियम ठरवा. त्याची किंमत आपल्या वाट्यातून देता येईल एवढाच.

४. नावच सुचलं नाही, किंवा त्या माणसाला आता गरजच उरली नसेल, तर तेही प्रामाणिकपणे लिहा. विस्तव विझला असेल तर नवी चूल मांडण्यात कमीपणा नाही. फूल बदललं तरी ज्याला वाहायचं तो तोच आहे.

पांडुरंगा, आमच्या हातातलं काम तुझ्या पायाशी पोचू दे, आणि ते कुणाच्या हातून तू स्वीकारतोस, तो चेहरा आम्हाला रोज दिसू दे.

राम कृष्ण हरी!