तक्रारीतून घडते सॉफ्टवेअर

लोणावळ्यातील चिक्कीच्या दुकानासाठी बिलाचे सॉफ्टवेअर करायचे असेल, तर मालकाला "काय काय हवे?" असे विचारू नये. यादी लांबते, पैसा खर्च होतो आणि मालक पुन्हा बिलबुकाकडे वळतो.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. पुण्यात कैलास काटकर यांच्या दुरुस्तीच्या दुकानात व्हायरसने बिघडलेले संगणक वारंवार येत. बंधू संजय यांनी त्यावर इलाज लिहिला. त्यातून १९९० च्या दशकात क्विक हील उभे राहिले.

म्हणून आम्ही सुचवतो: "मागच्या रविवारी गर्दीत बिल कुठे अडले?" असे विचारा. गल्ल्याजवळ तासभर उभे राहून पाहा. नोकराचेही ऐका, बटणे तोच दाबतो. एकच तक्रार ३ दुकानांतून आली, तर आधी तीच दूर करा.